क्षणभर पाठ वळली

बाहीचं बटण लावताना दिसलं. उजव्या मनगटावरचं बटण माझ्या मुलीला, मुंगीला, डाव्या हाताने लावता येत नाही, म्हणून शाळेला निघताना ती हात माझ्यापुढे करते आणि पायाने पलंगाखालचा बूट ओढत राहते. या आठवड्यात मी पहाटेच ड्यूटीला जात होते; आज बऱ्याच दिवसांनी हात पुढे करताना ती जरा घुटमळली. मी मनगट उलटं केलं तर आतल्या बाजूला एक डाग. लांबट, मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, गुलाबी, वर नवी कातडी धरलेला. मी बटण लावलं, मग काढलं, आणि हात खिडकीकडे वळवून पुन्हा पाहिलं. भाजलेलं बघणं हा माझा धंदा आहे. जळितांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून इतकी वर्षं गेली की बस-स्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातावरचा जुना व्रणसुद्धा माझ्याकडून आपोआप वाचला जातो. पाण्याने भाजलं की ओघळ उमटतो, तेलाचे शिंतोडे असतात, वाफेने भाजलेल्याला धड कडाच नसतात. इथे सरळ कड होती, भांड्याची. चार-पाच दिवसांपूर्वीची, म्हणजे रविवारची. फोड कुणी फोडला नव्हता, वर टूथपेस्ट थापली नव्हती, हळद नाही, शाई नाही, लोणी नाही. जे करायचं ते सगळं केलं होतं आणि जे करायचं नाही त्यातलं काहीही केलं नव्हतं. एखाद्या शिकाऊ सिस्टरचं काम असतं तर मी तिला शाबासकी दिली असती.

"हे काय?"

"काही नाही गं. पातेल्याची कड लागली."

"कुठे?"

"बाबांकडे," मुंगी म्हणाली आणि बुटात टाच कोंबत सहज पुढे बोलून गेली, "आपल्याकडे कशी लागणार?"

खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा. बटण उघडंच राहिलं.

आपल्याकडे कशी लागणार? बरोबरच आहे. आमच्या घरात बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही, नुसती मोकळी चौकट आहे. मुंगी रांगायला लागली त्या आठवड्यात मी त्या चौकटीत जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर असते तशी. तिच्यापलीकडे बाहेरच्या चपला न्यायच्या नाहीत. मुंगी हे नावही त्याच दिवसांतलं. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज झाला की ती कुठूनही रांगत हजर व्हायची, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं. पट्टी बघून तिचे बाबा पोट धरून हसले होते. लक्ष्मणरेषा म्हणे बाहेर जाऊ नये म्हणून होती, आपल्याकडे आत येऊ नये म्हणून! मीही हसले होते. पण त्या दिवशी दुपारी वॉर्डात एक नऊ महिन्यांचं बाळ आलं होतं, मुंगीएवढंच, आणि त्याच्या आईने मला जे सांगितलं ते मला घरी आल्यावरही ऐकू येत होतं. नवं काही नव्हतं त्यात. सगळ्या आया तेच सांगतात. क्षणभर पाठ वळली होती हो, सिस्टर. शिकलेल्या, न शिकलेल्या, मोटारीतून आलेल्या, शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आलेल्या, सगळ्यांच्या तोंडी हेच वाक्य. जणू दारातच कुणीतरी त्यांना ते पढवून आत सोडतं. मी मान डोलवते. होतं असं, म्हणते. आणि मनात दरवेळी एकच गोष्ट म्हणत आले आहे, की तुमची वळली असेल बाई, माझी वळायची नाही.

वळली नाहीच. पट्टी झिजली की मी खरवडून काढायचे आणि नवी लावायचे. मुंगी त्या पट्टीपर्यंत यायची आणि बसायची. आधी हात टेकून, मग मांडी घालून, मग पुस्तक घेऊन. "आई, ते काय वाजतंय?" "पाणी उकळतंय." "आई, उकळणं दिसतं कसं?" मी तिला सांगायचे, बुडबुडे येतात. तिने चित्र काढलं होतं त्याचं, पातेलंभर गोल गोल. मुलं समुद्राची चित्रं काढतात, डोंगराची काढतात; माझ्या मुलीने उकळत्या पाण्याचं काढलं, न बघता. मला ते चित्र फार आवडलं होतं. आता वाटतं, त्यात आवडण्यासारखं काय होतं?

हळूहळू मी स्वयंपाकच कमी केला. ड्यूटी हे कारण सांगायला सोयीचं होतं आणि खोटंही नव्हतं. पण खरी गोष्ट अशी, की गॅस पेटला नाही तर भाजण्याचा प्रश्नच येत नाही. पाव, बिस्किटं, चिवट चीज, पाकिटं, डबे. पाकिटातल्या खाण्याने आजवर एकही मूल माझ्या वॉर्डात आलेलं नाही. मुंगी खायची, आणि मागायची ते पाकिटातलंच. भाजी समोर आली की नाक मुरडायची. नाक मुरडेल नाही तर काय करेल? भाजी तिला कायम तयार होऊनच भेटलेली. ती कुठून येते, कशी चिरली जाते, कढईत पडल्यावर कशी आक्रसते, हे तिला ठाऊकच नव्हतं. न ओळखणाऱ्या माणसाच्या मांडीवर मूल बसत नाही, तसंच ते.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर मजल्यांच्या मधोमध लोंबकळणारा माणूस घरी आला की मात्र बसल्या जागेवरून हलायचा नाही, अशी माझी तक्रार. चहाचं आधण ठेवायला सांगितलं तर गॅसची कळ कुठल्या बाजूला फिरवायची हे विचारायचा. मी चिडून म्हणायचे, राहू दे, उठू नकोस, आणि तो राहू द्यायचा. आमचं भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला लागणारी जवळीकच उरली नव्हती म्हणा. एकदा तो म्हणाला, "तुझ्या घरात मला फार जपून बसावं लागतं." माझ्या घरात! मी ते शब्द कितीतरी दिवस चघळत होते. तो वेगळा राहायला गेल्यावर, त्याची हत्यारांची पेटी जिथे असायची तिथली फरशी पुसताना, मला दिसलं की तीसुद्धा पट्टीच्या अलीकडेच असायची, आणि त्याची खुर्चीही. पट्टीच्या पलीकडे आमच्या संसारात मी एकटीच होते.

मग मुंगी दमायला लागली. जिना चढून आली की दारातच बसायची. केस फणीत यायचे. आमच्याच हॉस्पिटलातले मुलांचे डॉक्टर, वयाने माझ्यापेक्षा लहान, सारखे विनोद करणारे, त्यांनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि त्या दिवशी मात्र विनोद केला नाही. अंगात रक्त कमी. ती बाहेर गेल्यावर म्हणाले, "सिस्टर, गोळ्या देतो, पण गोळ्यांनी कुठवर भागणार? तिला स्वयंपाकात घ्या. मुलं स्वतः केलेलं खातात. निवडू द्या, चिरू द्या, ढवळू द्या."

"ढवळू देऊ? कशात?"

"पातेल्यात, आणखी कशात?" ते हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं आवरलं.

मी प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. त्याच आठवड्यात, माझ्या सुट्टीच्या दिवशी केला. वॉर्डातल्या स्टरिलायझरचे जाड हातमोजे घरी आणले, कोपरापर्यंत येणारे. मुंगीला लांब बाह्यांचा स्वेटर घातला, पायात बूट, केस टोपीत. पट्टीच्या आत गार पाण्याची बादली भरून ठेवली. गॅसपासून हातभर अंतरावर स्टूल ठेवलं आणि तिच्या हातात लाकडी डाव दिला. मोजे इतके मोठे की डाव तिच्या मुठीत थांबेना. मी तिच्या मागे, तिचे दोन्ही दंड धरून. आम्ही दोघी मिळून पालक ढवळला. म्हणजे मी तिचे हात ढवळले. उन्हाळ्याचे दिवस होते, तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, मी आता रेषेच्या बाहेर जाऊ?" इतक्या समजूतदारपणे म्हणाली की मला रागवायलाही जागा ठेवली नाही. पालक तिने खाल्ला नाही. मीही नाही खाल्ला. मोजे दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवले आणि आयाबाई म्हणाली, सिस्टर, मोज्यांना भाजीचा वास कसा काय येतोय?

आणि शनिवार-रविवारी ती बाबांकडे असायची, तिकडे वेगळंच चाललं होतं. मला ते तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. पहिल्यांदा मुंगी म्हणाली, "बाबांनी अंडी उकडली आणि पाणीच संपलं, अंडं फट्टदिशी उडालं!" आणि हसून हसून तिचे डोळे भरले. मी विचारलं, तू कुठे होतीस? "तिथेच." तिथेच म्हणजे कुठे, हे मी निदान पन्नासदा विचारलं असेल. मग कळलं की दोघांनी भात लावला आणि तो खळ झाला, मग पुन्हा लावला आणि करपला, मग तिसऱ्यांदा जमला तेव्हा दोघं नाचले. घेवड्याच्या शिरा काढायच्या असतात हे त्यांना शेजारच्या बाईंनी सांगितलं. तोवर ते शिरांसकट चावत होते. चाकू धरताना बोटं आत दुमडायची हे तिच्या बाबांनी कुठेतरी पाहिलं आणि दोघांनी आधी साबणाच्या वडीवर सराव केला. त्याला काहीच येत नव्हतं आणि तिलाही काही येत नव्हतं. मला वाटतं तेवढंच पुरलं. मला फार येत होतं. काय काय होऊ शकतं ते सगळं मला तोंडपाठ होतं, आणि एवढं ठाऊक असलेल्या माणसाबरोबर स्वयंपाक करणं कुठल्या मुलाला आवडेल? मला त्याचा हेवा वाटला, उघड उघड हेवा. संसारात होता तोवर पाणी उकळलं नाही मेल्याने, आणि आता माझ्या मुलीबरोबर नाचतोय भाताच्या पातेल्याभोवती.

मुंगीचं रक्त वाढलं. पालक, गाजर, बीट, मसूर, सगळं तिने तिकडे खाल्लं. तपासणीचा कागद बघून डॉक्टर खूष झाले. "बघा, ऐकलंत ना माझं! आईने मनावर घेतलं की असं होतं." मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मुंगीने माझ्याकडे पाहिलं आणि बाबांचं नाव काढलं नाही. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. अकरा वर्षांची मुलगी अशा वेळी आईचा हात धरते तेव्हा तो आधार घेण्यासाठी नसतो, देण्यासाठी असतो, आणि मला ते सोसलं नाही.

गेल्या महिन्यात तिचे बाबा आले होते. बाहेरच्या खोलीत, जुन्याच खुर्चीवर, जुन्याच जपून बसण्याने बसले. कंपनीने दुसऱ्या शहरात बदली केली होती, शाळेचं वर्ष संपलं की जायचं होतं, रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. शनिवार-रविवार आता जमणार नाहीत. "मुंगीलाच विचारू," तो म्हणाला. "ती म्हणेल तसं. कोर्टकचेऱ्या नकोत." मी लगेच हो म्हटलं. लगेच म्हटलं कारण मला खात्री होती. मूल आईलाच निवडतं, असं वॉर्डातल्या जखमा धुण्याच्या टबाशी उभं राहून रोज ऐकत असते मी. कुणीही आणून पोचवलेलं असो, हाक आईलाच जाते. मुंगीने मुदत मागून घेतली, येत्या रविवारपर्यंत. आणि मग तो महिना सुरू झाला. ती जास्त गोड बोलली की मला धसका, गप्प बसली की धसका. ती माझ्या कुशीत झोपली तर वाटायचं की निरोप घेते आहे, आणि नाही झोपली तर वाटायचं की सवय करते आहे. पाकिटं आणणं मी बंद केलं होतं. रोज भाजी करत होते, पट्टीच्या आत एकटीने, आणि ती पट्टीच्या बाहेर बसून मुकाट्याने खात होती. छान झालीय म्हणायची. तिची जीभ आता जाणती झाली होती आणि माझी भाजी छान होत नव्हती हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

हे सगळं डोक्यात घेऊन आज वॉर्डात गेले. टबात कालच आलेली एक छोटी होती, चार-साडेचार वर्षांची, दंड आणि छाती. पाण्याचा ओघळ. मी तिला माझ्या नेहमीच्या आवाजात, झालं हं, झालं, असं म्हणत जुनी पट्टी सोडवत होते. तो आवाज मी कमावलेला आहे. घरी मला तो कधी लागला नाही. तिची आई भिंतीला टेकून उभी होती आणि मला ठाऊक होतं ती काय म्हणणार. "क्षणभर पाठ वळली होती हो, सिस्टर." मी मान डोलवली. आणि का कोण जाणे, आज पहिल्यांदा पुढे विचारलं.

"त्याच्या आधी काय करत होती ही?"

बाई गोंधळली. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "मला मदत करत होती," ती म्हणाली. "वाटाणे सोलत होती. एक सोलायची, एक खायची. गाणं म्हणत होती कसलं तरी. खूप... खूप हसत होतो आम्ही." आणि मग ती रडायला लागली, काल रात्रीपासून रडली नव्हती तशी.

मी ड्रेसिंग पुरं केलं. हात धुतले. आमच्याकडे येतात ती फक्त पोळलेली मुलं. ज्यांनी वाटाणे सोलले, गाणं म्हटलं, जेवली आणि झोपली, ती कशाला येतील? शहरभर रोज संध्याकाळी किती स्वयंपाकघरांत काहीच होत नाही. ते काहीच न होणं मी कधी पाहिलेलं नाही. पण ही छोटीही खोटी नव्हती. तिचा दंड माझ्या हातात होता. कुणी मला सांगावं की यातलं खरं कुठलं धरायचं. डॉक्टर सांगतील, ढवळू द्या. टब सांगेल, नको. आणि मुंगीच्या मनगटावरची ती कड तर दोन्ही सांगत होती. कड लागली, आणि लागूनही ती हसत शाळेत गेली.

सहाला घरी पोचले. जिन्यात कांदा परतल्याचा वास येत होता. चांगला परतलेला, गोडसर. मला वाटलं शेजाऱ्यांकडचा. कुलूप उघडलं तर बाहेरच्या खोलीत अंधार आणि स्वयंपाकघरात उजेड. मुंगी पट्टीच्या आत होती. केस वर बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या. एकीवर मोठ्या पातेल्यात बटाटे खदखदत होते, दुसरीवर टोमॅटोचं सूप. ओट्यावर फळी, फळीवर गाजरं, आणि तिची डाव्या हाताची बोटं आत दुमडलेली, चाकू त्यांच्या पेरांना लागून वर-खाली होत होता, एका लयीत. कांदा परतून उतरवलेल्या तव्याचा दांडाही आतल्या बाजूला वळवलेला. शेजारी गार पाण्याने भरलेलं पातेलं.

"मुंगी, गॅस बंद कर."

"नाही." त्यात उद्धटपणा नव्हता. शेवटचं गाजर पुरं करून तिने चाकू फळीच्या आडवा ठेवला, पातं भिंतीकडे करून, आणि मग माझ्याकडे वळली. "आज जेवण मी करतेय. जेवल्यावर तुला सांगते." आणि मी एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा म्हणाली, "आई, थांब. रेषेच्या बाहेरच थांब. गरम आहे इथे."

मी थांबले. बुटांची टोकं पट्टीला लावून. त्या जागेवरून मी माझं स्वयंपाकघर कधी पाहिलं नव्हतं. ओटा उंच दिसतो तिथून, आणि आत काय चाललंय ते नीट दिसत नाही, नुसते आवाज येतात.

"हाताला काय लावलं होतंस तेव्हा?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"काही नाही. नळाखाली धरला. तूच शिकवलंस ना? बाबा बर्फ काढायला धावले होते, मी म्हटलं बर्फ नाही, आई म्हणते वाहतं पाणी आणि खूप वेळ. ते बिचारे मिनिटं मोजत उभे होते घड्याळाकडे बघत." ती हसली. "त्यांचंच तोंड भाजल्यासारखं झालं होतं."

म्हणजे ते मीच केलं होतं तर. सकाळपासून ज्याला मनात शाबासकी देत होते आणि शिव्याही देत होते, तो हात माझाच होता. स्वयंपाकातलं मी माझ्या मुलीला एवढंच शिकवलं होतं, भाजल्यावर काय करायचं. मला त्याने बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण जास्त वाटलं ते वाईटच.

बटाटे शिजले. तिने सुरी टोचून पाहिली, गॅस बंद केला आणि मोरीत चाळणी ठेवली. आता ती ते पातेलं उचलणार आणि पाणी ओतणार हे मला कळलं. पातेलं मोठं, कान गरम, पाणी कढत, ओटा तिच्या छातीशी. हे असंच होतं. याला आमच्याकडे नाव आहे, त्याचं ड्रेसिंग कसं करायचं हे नव्या मुलींना मी शिकवते. छाती, पोट, मांड्या. तिने दोन्ही हातांत फडकी घेतली, पातेल्याला हात लावला आणि पुन्हा काढला.

"आई, तू बघतेस ना, म्हणून माझा हात कापतो. पाठ कर."

"मी काही बोलले का?"

"बोलत नाहीस. बघतेस."

"मी ओतते गं. एवढंच. बाकी सगळं तू कर."

"पाठ कर ना, आई," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "क्षणभरच."

मला कितीतरी वेळ लागला असावा, कारण सूप उतू जायला आलं आणि तिने त्याखालचा गॅस कमी केला. मग मी वळले. समोर अंधारी खोली होती. खुर्चीवर तिचा शाळेचा शर्ट टाकलेला, एक बाही जमिनीपर्यंत लोंबलेली. तिच्या बाबांच्या जुन्या खुर्चीवर कुणी नव्हतं. मी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले. मागे फडकी सरसरली. पातेलं उचललं गेल्याचा आवाज नसतो, पण मी तो ऐकला. एक पाऊल. दुसरं. मग खणकन काहीतरी जमिनीवर आदळलं आणि माझ्या तोंडून तिचं नाव निघता निघता राहिलं.

"चमचा पडला," ती म्हणाली.

मी वळले नाही. टबाशी उभी होते मी, आणि ती छोटी वाटाणे सोलत हसत होती, आणि तिची आई हसत होती, आणि त्या सगळ्या बायका माझ्या बरोबरीने रांगेत पाठमोऱ्या उभ्या होत्या, ज्यांना मी इतकी वर्षं मान डोलवत आले होते. मग पाण्याचा मोठा आवाज झाला, मोरीत कोसळण्याचा, आणि वाफेचा ऊबदार पट्टा माझ्या मानेवर येऊन टेकला. चाळणीत बटाटे गडगडले. पातेलं ओट्यावर टेकलं.

"झालं," मुंगी म्हणाली. "वळ आता. आणि आत ये, ताटं घे."

काहीच झालं नव्हतं. चेहरा वाफेने लाल, कपाळावर चिकटलेली बट, आणि खाली जमिनीवर एक चमचा. तो मी उचलला. मला तिला जवळ घ्यायचं होतं पण तिचे हात गुंतलेले होते.

ताटं घ्यायला गेले तेव्हा सूपसाठी दही हवं म्हणून फ्रीज उघडला. मधल्या खणात डबे होते. माझेच, ड्यूटीला न्यायचे, कधीपासून रिकामे पडलेले. एकात मसूर, एकात घेवडा, एकात चिरलेलं बीट. "ते तुझे," ती पाठीमागून म्हणाली. "तू काहीतरीच खातेस. हे दोन-तीन दिवस राहतं. मग कसं करायचं ते मी तुला दाखवीन, अवघड नाहीये." त्यानंतर तिने मला काही सांगायची गरजच उरली नव्हती. मी दही काढलं आणि फ्रीजचं दार लावलं.

आम्ही बाहेरच्या खोलीत जेवायला बसलो. बटाट्यांवर परतलेला कांदा, वर मिरपूड. गाजरं कच्चीच, लिंबू पिळलेली. सूप घट्ट आणि आंबट. माझ्या तोंडाला चव नव्हती तरी ते चांगलं झालंय हे कळत होतं. मुंगी खात नव्हती. माझा घास तोंडात जाताना बघत होती.

"आई, मी बाबांबरोबर जाणार आहे," ती म्हणाली, आणि लगेच, एका दमात, "सुट्टीत येईन. सगळ्या सुट्ट्यांमध्ये. आणि आले की स्वयंपाक मीच करीन, तू नुसती बस. तू रडणारेस का?"

"नाही."

"मला रडू येतंय."

"येऊ दे." माझा आवाज वॉर्डातला होता. झालं हं, झालं, म्हणणारा. आत मात्र मी जाऊ नको, जाऊ नको असं लहान मुलासारखं ओरडत होते, आणि तिने ते ऐकलं असतं तर ती राहिली असती, हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी घास घेतला. मग दुसरा घेतला. ती बाहीने नाक पुसत माझ्याकडे बघत राहिली. ताटातलं सगळं संपवलं, कांद्याचा शेवटचा तुकडासुद्धा, आणि ताट तिच्यापुढे केलं.

"वाढ अजून."

ती चटकन उठली आणि पट्टी ओलांडून आत गेली. सूप तिने पुन्हा तापत ठेवलं होतं, पातेलं गरम असणार. मी मान वर केली नाही.